वाफ मारली, पण पाणी गेले कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईवर आपल्या पुरवणीत आलेल्या मजकुरात, वाफेच्या यंत्राने सोफा घरच्या घरी 'पाण्याविना' स्वच्छ होतो, असे वाक्य आहे. सोफे शिवणे, उसवणे आणि धुणे हेच ज्यांचे रोजचे काम, अशा आम्हा काही कारागिरांचे म्हणणे इतकेच, की त्यातला 'पाण्याविना' हा शब्द खोडावा. तो खोडला की बाकीच्या सूचनाही बदलाव्या लागतील. त्या कशा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

वाफ म्हणजे पाणीच. हातात धरायचे घरगुती यंत्र मिनिटाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाफ सोडते. तीन जणांच्या सोफ्याची पाठ, बैठक आणि दोन्ही हात नीट करायला २० ते २५ मिनिटे लागतात. म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर पाणी यंत्राबाहेर पडले. त्यातले काही हवेत गेले, काही यंत्राच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याने टिपले, उरलेले सोफ्यात शिरले. पाहुण्याच्या पोराने सोफ्यावर तांब्याभर पाणी सांडले तर घरात केवढा आरडाओरडा होतो! तेवढेच पाणी वाफेने घातले की मात्र आपण कौतुकाने बघत बसतो.

दुसरी गोष्ट. वाफ गार होऊन पुन्हा पाणी होताना ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते ती याचमुळे. या उष्णतेने धाग्याला चिकटलेला तेलकट मळ सैल होतो. पण वाफ मळ सैल करते, उचलत नाही. उचलायचे काम फडक्याचे, नाही तर पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राचे. नुसतीच वाफ मारत सुटले तर सैल झालेला मळ खाली फोममध्ये उतरतो आणि सोफा त्या दिवशी उजळ दिसतो. पुढे आतले पाणी वाळायला म्हणून वर कापडाकडे येते, येताना मळ बरोबर आणते आणि पाणी उडून गेले की तो तिथेच बसतो. 'वाफ मारल्यावर चार दिवसांनी पिवळट गोल उठले' ही तक्रार हमखास येते, ती यातून. गोल उठले म्हणून पुन्हा वाफ मारली की गोल मोठा होतो.

मग वाफ कशाला वापरायची? अंथरुणा-सोफ्यातले धुळीचे सूक्ष्म किडे ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मरतात, ढेकूण त्याहून थोड्या कमी उष्णतेला मरतात. दबलेली मखमल वाफेने उठते, घामाचा वास कमी होतो, वरवरचा हातामानेचा मळ निघतो. एवढ्यासाठी वाफ उत्तम. वर्षानुवर्षे साचलेला मळ, दुधाचे-मुताचे डाग, आत उतरलेला वास यासाठी ती नाही. दारावर येऊन 'स्टीम' करून देणारे बरेच जण प्रत्यक्षात गरम पाणी आणि शांपू फवारून ते यंत्राने ओढून घेतात. ते काम वेगळे आहे आणि मळक्या सोफ्यासाठी तेच योग्य आहे. नावाच्या गोंधळामुळे लोक घरी वाफेचे यंत्र आणतात आणि त्या निकालाची अपेक्षा धरतात. एकच यंत्र घ्यायचे असेल तर आमचे मत सरळ आहे: वाफेचे नको, ओले-सुके दोन्ही ओढणारा व्हॅक्युम घ्या.

यंत्रांतही फरक आहे. साडी-शर्टाच्या चुण्या काढायच्या स्टीमरमध्ये दाब जवळजवळ नसतो. त्याची वाफ ओली असते आणि नळी वाकली की तोंडातून पाणी गळते. सोफ्याला सगळ्यात जास्त भिजवतो तो हाच. टाकीला बंद झाकण आणि ३ ते ४ बार दाब असलेल्या यंत्राची वाफ त्या मानाने कोरडी. घरचा कुकर शिट्टीला साधारण १ बार दाबावर असतो, तेव्हा आतले पाणी १२० अंशांच्या आसपास असते. ४ बारला ते १५० अंशांच्या घरात जाते. म्हणून असल्या यंत्राचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. बटण बंद करावे, उरलेली वाफ बादलीत सोडून द्यावी, अर्धा तास थांबावे, मगच झाकण. आणि कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवून वाफ मारण्याचा जो जुगाड हल्ली मोबाइलवर फिरतो तो कृपया कुणी करू नये. नळी सुटली वा चोंदली, तर सोफ्याचे जाऊ द्या, माणूस भाजेल.

विजेचे एक सांगतो. १५०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. पंख्याच्या बोर्डावरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. गिझर-फ्रिजचा मोठा सॉकेट वापरावा, बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड नको. मोटारीने मागे सरकणारा सोफा असेल तर मोटार आणि स्विचच्या बाजूला वाफ अजिबात नेऊ नये, सोफ्याची वायरही काढून ठेवावी.

आता कापड. मोठ्या कंपनीच्या सोफ्याला उशीच्या चेनीजवळ किंवा बैठकीखाली चिठ्ठी असते. तिच्यावर 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने साफ करता येते, 'एस' असेल तर पाणी नको, फक्त ड्रायक्लीनचे द्रव, 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही चालते, आणि 'एक्स' म्हणजे नुसता व्हॅक्युम. एस आणि एक्सवर वाफ मारू नये. पण आपल्याकडे बरेच सोफे इथल्याच कारागिरांनी घरी येऊन वा दुकानात शिवलेले. त्यांना चिठ्ठी कुठली? तिथे धागा विचारावा. खालच्या शिवणीतून बोटभर धागा ओढून चिमट्यात धरावा आणि बेसिनवर पेटवावा. वितळून आकसला आणि काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. बाजारातले बहुतेक सोफा-कापड हेच आणि वाफेला तेच सगळ्यात सोसते. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस, ज्यूट किंवा व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला चकचकीत धागा). केस जळल्याचा वास आला तर रेशीम वा लोकर, तिथे यंत्र बाजूला ठेवावे. कापूस की व्हिस्कोज, हे ओळखायला दुसरा धागा मधोमध थुंकीने ओला करून ओढावा. व्हिस्कोज ओले झाले की कमजोर होते, नेमके ओल्या जागी तटकन तुटते. व्हिस्कोजच्या मखमलीवर वा शेनीलवर (केसाळ धाग्याच्या मऊ कापडावर) पाण्याचा थेंब पडला तरी खूण राहते, वाफ तर दूरच.

ज्यूट आणि जाड सुती कापडावर सावकाश वाळताना तपकिरी झाक येते. हा मळ नाही, धाग्यातलाच रंग पाण्याबरोबर वर येतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून, फडके त्यात पिळून झाकेवरून फिरवावे आणि पंख्याखाली लगेच वाळवावे. पहिल्या एक-दोन दिवसांत केले तर बहुतेक वेळा जाते.

रेक्झिन आणि नकली चामडे यांना वाफ नकोच. रेक्झिनचा वरचा थर उष्णतेने मऊ होऊन फुगतो. नकली चामड्याची साल बहुतेकदा काही वर्षांच्या दमटपणाने आधीच सुटत आलेली असते, वाफेने ती पापुद्र्यासारखी हातात येते. खरे चामडे आकसते आणि कडक होते. या तिन्हींना ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसणे पुरते.

आणि लाकूड. सागवानी जुन्या कोचाला स्पिरिट-लाखेचे पॉलिश असते. वाफ लागली की त्यावर पांढुरके डाग धरतात, मग पॉलिशवाल्याला बोलवावे लागते. लाकडी हात आणि पट्ट्यांवर जाड टॉवेल घालूनच सुरुवात करावी. नव्या स्वस्त सोफ्यांत प्लायऐवजी भुशाची दाबलेली पाटी असते. तिच्यात पाणी गेले की फुगते आणि पिना सुटतात. त्या स्टेपलर पिना आणि कापड चढवलेली लोखंडी बटणे ओल धरून गंजतात. पंधरा दिवसांनी कडेला नारिंगी ठिपक्यांची रांग दिसली तर ती पिनांची समजावी. त्यामुळे कडा, पायपिंग (कडेने शिवलेली दोरीसारखी पट्टी) आणि बटणांचे खळगे यांच्यावरून वाफ भरभर न्यायची, तिथे थांबायचे नाही. बटणाच्या खळग्यात पाणी विहिरीसारखे साठते. जुन्या स्प्रिंगच्या सोफ्यात काथ्या आणि किंतान असते. ते भिजले तर तपकिरी पाणी थेट कापडावर येते. अशा सोफ्याला वाफ अगदी वरवर द्यावी, किंवा देऊच नये.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात कोरडी. उशा काढून सांधी-कोपऱ्यांतली धूळ अरुंद तोंडाच्या व्हॅक्युमने ओढावी. व्हॅक्युम नसेल तर जुनी चादर भिजवून घट्ट पिळावी, सोफ्यावर पसरावी आणि वेताने हलके ठोकावे. धूळ उडत नाही, चादरीला चिकटते. चादर मळाने काळी व्हायची थांबेपर्यंत दोन-तीनदा करावे. ही पायरी गाळली तर धूळ अधिक वाफ म्हणजे चिखल, आणि तो शिवणीत बसतो. जेवढा वेळ वाफेला तेवढाच वेळ या कोरड्या कामाला द्यावा, खरे तर जास्तच.

मग रंगाची परीक्षा. सोफ्याच्या मागच्या खालच्या बाजूला पाच सेकंद वाफ द्यावी, पांढऱ्या फडक्याने दाबावे. फडक्यावर रंग आला तर तिथेच थांबावे. आला नाही तरी ती जागा पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहावी, कारण आकसणे आणि पाण्याची कड वाळल्यावरच कळते.

पाण्याबद्दल. बोअरचे पाणी टाकीत घालू नये. त्यातला क्षार तापल्यावर आत बसतो, पुढे त्याचे पांढरे कण वाफेबरोबर कापडावर उडतात. आरओचे पाणी चालते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीही चालते. मात्र काही यंत्रांच्या पुस्तिकेत निव्वळ डिस्टिल्ड घालू नका असे लिहिलेले असते, तिथे अर्धे-अर्धे करावे. आत क्षार बसलाच असेल आणि पुस्तिकेत मनाई नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून टाकीत अर्धा तास ठेवावे, यंत्र चालू न करता ओतून द्यावे आणि तीनदा खळबळून घ्यावे. टाकीत शांपू, फिनेल, अत्तर, कडुलिंबाचा अर्क असे काहीही घालायचे नाही. फेस होऊन यंत्र वाफेऐवजी पाणी थुंकते.

यंत्र तापले की पहिला झोत बादलीत सोडावा, थुंकणे थांबून सलग वाफ येईपर्यंत. रुंद तोंड बसवून त्यावर सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके बांधावे. अशी पाच-सहा फडकी आधीच कापून ठेवावीत, कारण ओले झालेले फडके मळ टिपत नाही, पसरवते. हाताला ओलसर लागले की बदलायचे. पाठीपासून सुरू करून हात आणि शेवटी बैठक, वरून खाली. एक वीत अंतर तीन-चार सेकंदांत, दाब न देता. दुसऱ्या हातात कोरडा टॉवेल ठेवावा आणि वाफ पुढे सरकली की मागे लगेच दाबून टिपावे. दोघांनी मिळून केले तर फार बरे: एक वाफेवर, एक टॉवेलवर. हे मागचे टिपणे लोक हटकून विसरतात. एका जागी दोनदापेक्षा जास्त वाफ द्यायची नाही. मळ राहिला तर तो वाफेचा विषय नाही, असे समजावे.

मखमलीवर तोंड टेकवायचे नाही. पॉलिस्टरचा धागा ७०-८० अंशांपुढे मऊ होतो, त्या अवस्थेत दाबला तर दाबलेलाच गार होतो, इस्त्रीची घडी बसते तसा. चार बोटे अंतर ठेवून वाफ द्यावी आणि ओलसर असतानाच मऊ ब्रशने केस एका दिशेला करून घ्यावेत.

डाग मात्र वाफेच्या आधी काढायचे. दूध, अंडे, रक्त, बाळाची ओकारी यांतले प्रथिन उष्णतेने शिजते आणि धाग्याला कायमचे धरते. गार पाणी, मग एन्झाइमवाला धुण्याचा द्रव पातळ करून, मग पुन्हा गार पाणी. डाग गेल्याशिवाय त्या जागी वाफ नेऊ नये. मुताचेही तेच, फक्त वास जास्त छळतो: वाफ दिली की सगळी खोली घमघमते आणि वास आणखी खोल जातो. दुधाच्या चहाचा डाग दुहेरी असतो. दुधासाठी गार पाणी आणि एन्झाइम, चहाच्या रंगासाठी व्हिनेगरचे पाणी. डोके टेकून टेकून पाठीला पडलेला खोबरेल तेलाचा काळपट पट्टा वाफेने पातळ होऊन फोमपर्यंत जातो. त्यावर आधी टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी ओढून घ्यावी, मग भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब वाटीभर पाण्यात घालून फक्त फेसाने पुसावे. पावडरीऐवजी मैदा किंवा बेसन लावू नये, मुंग्या आणि झुरळे सोफ्यात राहायला येतात.

हळदीचा डाग सांगलीसारख्या हळदीच्या गावात वेगळा सांगायला नको, तरी सांगतो. साबण, धुण्याची पावडर किंवा खायचा सोडा लागला की तो लाल होतो. हळदीचे कुंकू होते तीच क्रिया. त्यामुळे 'वाफेच्या आधी सगळ्या सोफ्यावर सोडा भुरभुरा' हा सल्ला आमटी-भाजीचा थेंब पडलेल्या सोफ्याला नेमका उलटा जातो, आणि सोडा नीट ओढला नाही तर वाफेने त्याची पांढरी खपलीही बसते. लाल झालेला डाग लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पुन्हा पिवळा होतो, पण जात नाही. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. पांढऱ्या फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन बाहेरून आत टिपत यावे. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवासमोरचा दिवा बंद. फडक्यावर पिवळे यायचे थांबले की बाकीचे उन्हावर सोडावे. हळदीचा रंग प्रकाशात फिका पडतो. उशीचा खोळ असेल तर दोन-तीन दिवस दुपारचे ऊन दाखवावे. बैठकीला शिवलेले कापड असेल तर सोफाच खिडकीशी ओढावा. गडद रंगाचे कापड असेल तर तेही उन्हाने विटते, हे धरून चालावे. वाफ सगळ्यात शेवटी, आणि डाग उरला असेल तर त्या जागी नाहीच.

ढेकणांसाठी काम वेगळ्या चालीने करावे लागते. बारीक तोंडाचा जोरदार झोत वापरला तर ढेकूण मरायच्या आधी उडून पलीकडे पडतात. रुंद तोंड, कमी जोर, आणि एक वीत पार करायला पुरी दहा सेकंद. पायपिंगची खाच, सांध्यांतले स्क्रू, चेनीची कड, आणि मुख्य म्हणजे तळाचे काळे कापड: त्याच्या एका बाजूच्या पिना उपसून आत बघावे, वस्ती तिथे असते. राहिलेल्या अंड्यांतून आठ-दहा दिवसांत पिले निघतात, म्हणून दोन आठवड्यांनी हेच सगळे पुन्हा करायचे. एकदा करून 'वाफेने ढेकूण जात नाहीत' असे म्हणण्यात अर्थ नाही.

वाळवणे हा कामाचा अर्धा भाग आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकायची, कारण आत ओल शिरत नव्हती आणि हवाही. सोफ्याचे दुखणे हे, की ओल शिरते आणि हवा शिरत नाही. ओले कापड-फोम एक-दोन दिवस तसेच राहिले तर बुरशी धरायला लागते. म्हणून काम सकाळी नऊच्या सुमारास सुरू करावे, म्हणजे दुपारचे कोरडे तास वाळवायला मिळतात. उशा कडेवर उभ्या कराव्यात, आडव्या नाहीत. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावा. छताच्या पंख्याचा उपयोग कमी. टेबलफॅन बैठकीच्या पातळीवर आडवा लावावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. देखभालीसाठी आपल्या भागातली वीज ज्या वारी बंद असते, तो दिवस टाळावा. फोमची उशी उघडी करून उन्हात ठेवू नये, फोम पिवळा पडून भुगा होतो. वरून सुती चादर घालावी.

वाळले की नाही हे वरून कळत नाही. हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करावा: गार लागले तर आत पाणी आहे, कारण ते अजून उडत असते. खात्री करायची तर सुके वर्तमानपत्र घडी करून उशीखाली ठेवावे, वर डब्याचे वजन द्यावे आणि सकाळी बघावे. कागद लिबलिबीत लागला तर अजून एक दिवस. तोवर सोफ्यावर कव्हर घालायचे नाही. पाहुणे येणार म्हणून कव्हर चढवले आणि वास घरात मुरला, असे होते.

याच कारणाने आषाढ-श्रावणात हा उद्योग करू नये. दमट हवेत पंखा लावूनही पाणी लवकर उडत नाही. नवरात्रानंतर पाऊस हटल्यावर, किंवा संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत हे काम करावे. दिवाळीच्या आदल्या दिवशी तर नकोच, किमान चार दिवस हाताशी ठेवावेत.

एक स्पष्टच लिहितो, कारण विचारणा दर पुरानंतर होते. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीत गावभागापासून सांगलीवाडीपर्यंत ज्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले, तिथल्या भिजलेल्या सोफ्यांना वाफ हा इलाज नव्हता आणि पुढेही नसेल. त्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते, गाळ फोमच्या मध्यापर्यंत जातो, वाफ वरच्या बोटभर थरातच गार होते. फोम, काथ्या, किंतान आणि कापड फेकावे. सागवान किंवा चांगल्या लाकडाचा सांगाडा असेल तर धुऊन सावलीत महिनाभर वाळवावा आणि मग नवा फोम-कापड चढवावे. भुशाच्या पाटीचा सांगाडा असेल तर त्यावर पैसे घालू नयेत.

पाणी ओढणारे यंत्र घरी असेल किंवा भाड्याने आणले असेल तर त्यातली मेख साबणात आहे. एक लिटर कोमट पाण्यात १० मिलीपेक्षा जास्त शांपू नको. फवारून, दहा मिनिटे थांबून ओढावे, मग साध्या पाण्याने फवारून पुन्हा ओढावे. एकदा फवारले तर किमान दोनदा कोरडे ओढायचे, पारदर्शक तोंडातून पाणी दिसायचे थांबेपर्यंत. साबण आत राहिला तर तो चिकट असतो, धूळ धरतो आणि महिन्याभरात सोफा आधीपेक्षा काळा दिसतो.

आमच्याच धंद्यातल्या मंडळींना या निमित्ताने एक सांगायचे आहे. नवा सोफा शिवून दिला की तळाच्या कापडावर एक चिठ्ठी पिनेने ठोकावी: कापड कशाचे, फोम किती डेन्सिटीचा, खाली प्लाय की पाटी, शिवला कधी. वीतभर कागद आणि दोन मिनिटे लागतात. ही चिठ्ठी असली तर गिऱ्हाइकाला धागा जाळत बसावे लागणार नाही, आणि पाच वर्षांनी सोफा उसवणाऱ्या कारागिरालाही आत काय आहे ते उसवण्याआधी कळेल. यंत्रे विकणाऱ्या दुकानदारांनीही इंग्रजी पुस्तिकेबरोबर एक पानभर मराठी सूचना द्याव्यात; निदान 'टाकीत साबण घालू नका' आणि 'गरम असताना झाकण उघडू नका' एवढ्या दोन ओळी तरी.

पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर कापडाचा भाग कमी करावा, हळदीचा आणि वाळवण्याचा मात्र ठेवावा.

कळावे,
आपले,
सोफा-गादी शिवणारे व धुणारे काही कारागीर,
सांगली